भाचीची तक्रार

आंबागड, ४ मे

टीनाताई,

फाडू नको. पाकिटावरचं अक्षर पाहून तुझा हात पहिले फाडालेच जाईन, मले माहीत आहे. पण हे पत्र तुझ्या पोरीबद्दल आहे, म्हणून वाच. तसंही आज मी हे टाकणार नाही. शिबिर संपेपर्यंत कोणत्याही दादानं पोट्ट्याच्या घरी परस्पर फोन कराचा नाही, चिठ्ठी पाठवाची नाही, असा इथला नियम आहे. लिहून ठेवाले मनाई नाही. असती तर सत्यभामाबाईनं सांगतलं असतं, ती बाई काहीच सोडत नाही.

तर ऐक. मी उन्हाळी शिबिरात दादा आहो. दादा म्हणजे पोट्ट्यायचा गट सांभाळणारा, उठवण्यापासून झोपवण्यापर्यंत. एका संस्थेचं शिबिर आहे, किल्ल्याच्या पायथ्याशी शाळेच्या इमारतीत भरते, जिल्हाभरातले पोट्टे येते. माझं हे तिसरं वर्ष. तू लग्न करून गेली तेव्हा माझं नाक मले पुसता येत नव्हतं, हाव ना? आता येऊन पाहा. एक शिट्टी मारली का माझा सारस गट रांगेत उभा! रडणारं पोट्टं दुसऱ्या गटातलं असलं तरी माझ्याकडे आणून देते. गेल्या साली पवनीच्या एका मायनं अर्जातच लिहिलं होतं, निकेश दादाचाच गट पाहिजे. मी फुशारकी नाही मारून राहिलो. आणि मारून राहिलो असन, तर ती खरी आहे.

हे सारं सत्यभामाबाईच्या हाताखाली झालं. ती शिबिरप्रमुख, रिटायर हेडमास्तरीण. पोट्टे याच्या आधी ती आमाले बाकावर बसवते आणि दादा-ताईनं कसं वागाचं ते शिकवते. नुसतं शिकवत नाही, उठवून उठवून विचारते. पोट्ट्याले हात लावाची वेळ आली, पट्टी बांधाची असन, काटा काढाचा असन, तर आधी त्याले विचाराचं, आणि दुसऱ्या कोणाले दिसन असं उभं राहाचं. कोणी लाडकं नाही. पोट्ट्यासंगं गुपित ठेवाचं नाही. फोटो काढाचा नाही. गेल्या साली एका दादानं पोट्ट्यायचे फोटो मोबाईलच्या स्टेटसले ठेवले होते, बाईनं त्याले त्याच दुपारी एसटीत बसवून दिलं. तो म्हणे, बाई मी चांगल्या मनानं ठेवले. बाई म्हणे, मन तुझ्याजवळ राहू दे, बॅग उचल. आमी साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. मी तर दणकून वाजवल्या.

आज पोट्टे आले. ओळखीचा खेळ घेतला. इथे नाव सांगाचं ते मायचं आणि बापाचं, दोघायचंही सांगाचं. माझ्यासंगं गटाले दीपमाला आहे, साकोलीची, नर्सिंग शिकून राहिली. पोरीयचं उठणं-झोपणं सारं तिच्याकडे. ती एकेकाले उभं करत होती. एक पोरगी उठली. कमरेवर एक हात.

"मी प्रतिक्षा टीना अश्वजित. लाखांदूर. मले कोणी चिडवलं तर मी मारत नाही, नाव सांगते."

माय व माय! ताई, मी शिट्टी तोंडात धरून तसाच राहिलो. टीना, अश्वजित, लाखांदूर. आणि तो कमरेवरचा हात! बाबासंगं भांडताना तू असाच ठेवत होती. माझी भाची माझ्यासमोर उभी, दहा वर्षाची, दोन वेण्या, आणि मी तिले पहिल्यांदा पाहून राहिलो.

आता एक सांगतो, ते नीट ऐक. नात्यातलं लेकरू शिबिरात असलं तर पहिल्याच दिवशी बाईले सांगाचं, हाही नियम आहे. मी सांगतलं नाही. सांगतलं असतं तर बाईनं तुले फोन लावला असता, आणि माझं नाव ऐकल्यावर तू पुढच्या एसटीनं येऊन पोरीले घेऊन गेली असती. गेली असती का नाही, तूच सांग. म्हणून मी गप आहो. थोडे दिवस पाहून तर घेऊ दे.

तुझा भाऊ,
निकेश


आंबागड, ८ मे

ताई,

तुझी पोरगी एक नंबर आहे. एक नंबर! मी गाठी बांधणं शिकवतो, तिची गाठ साऱ्यायच्या आधी होते, आणि मंग ती बाजूच्या पोट्ट्याची चुकलेली गाठ पाहते आणि हात मागे ठेवून नुसतं तोंडानं सांगते, "वरून नाही गा, खालून घे." काल पाण्याच्या रांजणाजवळ दोघे पोट्टे ग्लासावरून भांडले. तिनं ग्लास उचलून तिसऱ्यालेच देऊन टाकला. मी तिकडे तोंड करून हसलो. हे कोणाचं रक्त आहे, मले कोणाले विचाराची गरज नाही.

कारलं खात नाही. भात मात्र बापरे बाप! काल टेंभरं, म्हणजे तेंदूचे फळं, आणले होते जंगलातून, तिनं बिया एका रांगेत लावून ठेवल्या. पावसाळ्यात लावीन म्हणते.

मी तिले टेंभरं दोन जास्त दिले. आणि आई काय करते, आईची तब्येत कशी आहे, आई कधी गाणं म्हणते का, असं अधूनमधून विचारलं. ती उत्तर देते आणि मंग थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहते. दीपमालानं मले आज टोकलं. "काय गा निकेश, तुझं त्या लाखांदूरच्या पोरीकडेच ध्यान राहते. बाकीचे पोट्टे काय वाऱ्यावर आले?" मी म्हटलं, काहीही बोलत राहते तू. तिले ते पटलं नाही.

आता आजचं सांगतो, ज्याच्यासाठी लिहाले बसलो. जेवताना इश्वर नावाच्या एका पोट्ट्यानं तिले विचारलं, "तू सुट्टीत मामाच्या घरी काहून नाही गेली व?" तिनं भात कालवत कालवत सांगतलं, "मले मामा नाही."

रडून नाही, रागानं नाही. मले सायकल नाही म्हणावं, तसं. मी वाढून राहिलो होतो. वरणाची बादली माझ्या हातात होती आणि पुढच्या पोट्ट्याच्या ताटात मी वरण ओततच राहिलो. "दादा, बस! बस ना!" असं तो ओरडला तेव्हा मी भानावर आलो.

ताई, तुझ्या पोरीच्या बारशाचा निरोप आला तेव्हा मी आठवीत होतो. आईनं पाळण्यासाठी गोधडी शिवून ठेवली होती. मी नवा शर्ट घालून दारात उभा होतो. आणि बाबा मधात आले. आपल्याकडे भाचा-भाचीचा मान मोठा, मामानं वाकाचं आणि त्यायच्या पायावर डोक्सं ठेवाचं, मंग ते पाळण्यातलं लेकरू का असेना. बाबा म्हणाले, "निकेश तिथे गेला तर त्याले त्या पोरीच्या पाया पडावं लागन. त्यायच्या लेकराच्या पायावर माझ्या पोराचं डोक्सं टेकणार नाही." त्यायच्या म्हणजे बौद्धायच्या. बाबानं नाव नाही घेतलं, पण साऱ्यायले समजलं. तुलेही कोणीतरी शब्दाला शब्द सांगतलं. मंग तू आमच्या साऱ्यायचे फोन घेणं बंद केलं, आणि चांगलं केलं. मी तुझ्या जागी असतो तर दगड मारले असते.

पण मले मामा नाही, हे मले सहन होत नाही. मी आहो. ढळढळीत आहो.

निकेश


आंबागड, १० मे

ताई,

आज झालं! बाबानं अडवलं होतं ते आज मी करून टाकलं.

पहाटे किल्ल्यावर गेलतो. ऊन चढाच्या आत खाली याचं असते, नाहीतर दगड तापते. दीपमाला पुढे, मी सर्वात मागे. उतरताना प्रतिक्षाच्या सँडलचा पट्टा तुटला. बाकीचे वळणापाशी पाणी पीत बसले होते, त्यायचा आवाज येत होता, पण ते दिसत नव्हते. मी खिशातून सुतळी काढली. "सँडल बांधून देऊ का?" हे विचारलं बरं, हे विचाराले मी विसरलो नाही. ती म्हणाली, हाव. ती दगडावर बसली, मी खाली गुडघ्यावर. पट्टा बांधला, गाठ मारली. माझे हात तिच्या पायाशी होतेच. आणि मी वाकलो. डोक्सं टेकवलं तिच्या दोन्ही पायावर. धुळीनं भरलेले, लहान पोरीचे पाय.

मले किती बरं वाटलं, तुले कसं सांगू! इतक्या सालाचं ओझं उतरलं. मी उठून उभा राहिलो तेव्हा माझे डोळे भरून आले होते. ती माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "चाल, धाव." ती धावली नाही, चालत गेली. मी मागून छाती काढून उतरलो. साऱ्या जिल्ह्यात माझ्यासारखा मामा नाही, असं वाटून राहिलं होतं मले.

दिवसभर मी शिट्टी वाजवली का पोट्टे म्हणे, दादा आज भल्ला खूश आहे!

निकेश


आंबागड, ११ मे

ताई,

कालचं पत्र फाडाचं ठरवलं होतं. नाही फाडत. वाच ते, आणि हेही वाच.

काल संध्याकाळी तुझी पोरगी सरळ सत्यभामाबाईकडे गेली आणि तिनं माझी तक्रार केली.

आज सकाळी बाईनं मले बोलावलं. दीपमालाही होती. बाईनं दार उघडंच ठेवलं. विचारलं, "निकेश, काल किल्ल्यावरून उतरताना तू प्रतिक्षाच्या पायांवर डोकं टेकवलंस?"

"हो बाई."

"ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगते. 'दादा वाईट नाही. पण सँडल बांधून झाल्यावर त्यानं माझ्या पायाले डोक्सं लावलं. सँडलचं विचारलं होतं, डोक्स्याचं नाही विचारलं. आणि तो सारखा माझ्या आईचंच विचारते. मले कसंतरी वाटलं. तुम्ही म्हणाल्या होत्या, नुसतं कसंतरी वाटलं तरी सांगा.'"

ताई, खरं सांगतो, पहिले राग आला. डोक्स्यात आग गेली. मी मामा! मी पाया पडलो, पाया! दुनियेत याच्यावर कोण तक्रार करते? तोंडातून निघालंच, "बाई, मी तिचा मामा आहो." आणि मंग सारं सांगून टाकलं. तुझं लग्न, बारसं, बाबा, सारं.

बाईनं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, "मामा भाचीच्या पाया पडतो हे मला कोणी शिकवायला नको. माझे भाऊ माझ्या मुलांच्या पाया पडायचे. पण काल तिला माहीत होतं का, तू मामा आहेस?"

"नाही."

"मग तिच्यासाठी तू कोण होतास?"

"दादा."

"एका मोठ्या माणसानं, जिथे कोणी दिसत नाही अशा जागी, तिला न विचारता तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिला इतकंच दिसलं. तिनं दुसरं काय करायला हवं होतं?"

बाई, मी चांगल्या मनानं केलं, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. मंग मले तो स्टेटसवाला दादा आठवला आणि मी तोंड बंद ठेवलं.

बाई म्हणाली, "गटातून आत्ताच बाहेर. उद्या घरी. तिच्या आईला फोन मी आज करणार. आणि तू मामा आहेस हे तिला कळायचं असेल तर ते तिची आई सांगेल. मी नाही, तू तर नाहीच."

मी शिट्टी गळ्यातून काढली आणि टेबलावर ठेवली. तीन सालाची शिट्टी. हाताले हलकं हलकं वाटत होतं.

बाहेर आलो तर श्रावण उभा. तो नीळकंठ गटाचा दादा, माझा दोस्त. तो म्हणे, "अबे बह्याडा, पोट्टीले सांगून टाक ना मामा आहो म्हणून. ती लाजन, तक्रार परत घेईन, खेळ खतम." स्वयंपाकाच्या लीलाबाईनंही कुठूनतरी ऐकलं होतं. ती म्हणे, "अशी कशी व पोट्टी, सोन्यासारख्या पोराचं नाव खराब केलं!"

तेव्हा माझं डोक्सं फिरलं. पोरीवर नाही, त्यायच्यावर. मी म्हटलं, लीलाबाई, पुन्हा असं बोलाचं नाही. तिनं नाव खराब नाही केलं. मीच तिले पहिल्या दिवशी शिकवलं होतं, सांगाले भ्याचं नाही म्हणून. साऱ्या गटाले शिकवलं. वीस पोट्ट्यायमधून एकीनं नीट ऐकलं, आणि ती माझी भाची निघाली!

मंग मी टाकीमागे जाऊन बसलो आणि विचार करत राहिलो. ताई, ती साऱ्यायच्या आवडत्या दादाच्या विरोधात एकटी चालत गेली. दहा वर्षाची. कोणाले संगं नाही घेतलं. वाढवून नाही सांगतलं, कमी करून नाही सांगतलं. 'दादा वाईट नाही' हेही सांगतलं! मोठमोठ्या माणसायले असं सांगता येत नाही. तू काय पोरगी वाढवली आहे व! माझी शिट्टी गेली, पण माझी छाती आत्ताही फुगलेली आहे. मी रडूनही राहिलो. दोन्ही संगंच चालू आहे.

निकेश


आंबागड, १२ मे, एसटीची वाट पाहताना

ताई,

काल बाईनं तुले फोन केला. तू काय म्हणाली, तेवढंच बाईनं मले आज सांगतलं: "माझ्या पोरीनं बरोबर केलं. तिले शिबिर पूर्ण करू द्या." माझ्याबद्दल काही बोलली नाही म्हणे. नको बोलू. तू पोरीले घेऊन नाही गेली, हेच माझ्यासाठी खूप आहे.

पण इकडे दुसरंच सुरू झालं. पोट्ट्यायपासून काही लपते का? ती बाईकडे गेलती आणि दुसऱ्या दिवशी दादाची शिट्टी गेली, एवढं जोडाले त्यायले कितीक वेळ लागन? सकाळी नाश्त्याले तिच्या बाजूले कोणी बसलं नाही. इश्वर तिले म्हणाला, "तुझ्यामुळे दादा गेला." दीपमालानं त्याले दटावलं, पण दटावून पोट्टे बाजूले थोडेच बसते! ती एकटी बसून पोहे खात होती. पाठ ताठ. हे मले दीपमालानं येऊन सांगतलं.

मी बाईकडे गेलो. म्हटलं, बाई, मले एकदा गटाशी बोलू द्या. मी तुमचा दादा नाही आता, तरी बोलू द्या. बाईनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, "माझ्यासमोर. तिचं नाव घ्यायचं नाही. आणि नात्याचा एक शब्द नाही." मी म्हटलं, शब्द दिला.

आंब्याखाली सारस गट बसला होता. शिट्टी नव्हती, म्हणून मी टाळी वाजवली. सारे उठून माझ्याकडे धावाले निघाले, मी हात वर केला आणि बसवलं.

मी म्हटलं, "मी आज घरी जाऊन राहिलो. मले कोणी नाही काढलं, मी नियम मोडला म्हणून जाऊन राहिलो. एक नाही, दोन मोडले. मी तुमाले काय शिकवलं होतं, आठवते? कोणी न विचारता हात लावला तर काय कराचं?"

"सांगाचं!" सारे ओरडले.

"तो आवडता दादा असला तर?"

आता आवाज बारीक झाला. मी पुन्हा विचारलं. इश्वर खाली पाहत म्हणाला, "तरी सांगाचं."

"तर मंग ज्यानं सांगतलं, त्यानं माझं ऐकलं. बाकीच्यायनं अर्धंच ऐकलं. त्याच्या बाजूले बसाले मारामारी व्हाले पाहिजे, आणि तुमी तोंड फिरवून बसले! सारस गट असा आहे का?"

प्रतिक्षानं हात वर केला. ती उभी राहिली, कमरेवर हात नव्हता, दोन्ही हात खाली. म्हणाली, "दादा, पण तुम्ही तसं काहून केलं?"

ताई, तो एक शब्द माझ्या जिभेवर होता. एकच शब्द. बाई माझ्याकडे पाहत होती. वीस पोट्टे पाहत होते. तो शब्द मी बोललो असतो तर पोरगी कदाचित धावत येऊन मले बिलगली असती आणि साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या असत्या. पण मंग तिले वाटलं असतं का आपण चुकलो. मामावर तक्रार केली, असं आयुष्यभर वाटलं असतं. आणि तो शब्द तिले सांगाचा हक्क तुझा आहे, माझा नाही.

मी म्हटलं, "कारण काहीही असो, विचारलं नाही ते नाहीच विचारलं. चूक माझी. तुझा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर माझ्याकडून नाही मिळणार."

ती बसली. मंग इश्वर सरकत सरकत गेला आणि तिच्या बाजूले बसला. आणखी दोघी गेल्या. ती त्यायच्याकडे पाहून हसली नाही. त्यायनं सकाळी काय केलं ते ती विसरली नव्हती. मले तेही आवडलं.

निघताना बाई गेटपर्यंत आली. मी पाया पडाले वाकलो तर म्हणाली, "विचारलंस?" मी तसाच अर्धा वाकलेला. तिले हसू आलं. "पड," म्हणाली. पुढच्या साली अर्ज करू का, असं मी विचारलं नाही. तीही 'कर' म्हणाली नाही. जे आहे ते आहे.

एसटी आली.

निकेश


घरून, १४ मे

ताई,

घरी आल्यावर बाबानं विचारलं, शिबिर संपलं का? मी सांगतलं, मले काढलं. काहून? मी म्हटलं, "तुमच्या नातीच्या पाया पडलो, म्हणून."

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. बाबा खाटेवर बसले होते ते बसलेच राहिले. मी सारं सांगतलं, उभ्या उभ्या. आवाज चढवला नाही, पण एक शब्द खाल्लाही नाही. बाबा भडकन, घरातून निघ म्हणन, याची माझी तयारी होती. बॅग मी खांद्यावरून उतरवलीच नव्हती.

बाबा म्हणाले, "तिनं तुझी तक्रार केली?"

"हाव."

"एकटीनं जाऊन? हेडमास्तरणीसमोर?"

"हाव."

"कोणी शिकवून पाठवलं नव्हतं?"

"नाही."

बाबा उठले, अंगणात गेले, बैलाच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिले. आई मले म्हणे, गप बस आता. मंग ते तिथूनच, आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "टीनाच आहे ते."

ताई, बाबाच्या तोंडून तुझं नाव इतक्या सालात मी ऐकलं नव्हतं. मी त्यायले म्हटलं, हाव, टीनाच आहे. आणि तिच्या पायावर डोक्सं टेकवलं म्हणून माझं डोक्सं काही झिजलं नाही, पाहून घ्या. मी माफ केलं असं नको समजू, आणि तूही लगेच करू नको. पण आज सकाळी त्यायनं आईले विचारलं, पोरगी काय खाते? आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कारलं सोडून सारं.

आईची इच्छा आहे लाखांदूरले याची. बाबा म्हणत नाही, पण काल त्यायनं ठेवणीतलं धोतर काढून उन्हात टाकलं. मी दोघायलेही सांगतलं, असं उठून कोणी जाणार नाही. आधी विचाराचं. तुले विचाराचं, अश्वजित भाऊजीले विचाराचं, आणि प्रतिक्षाले विचाराचं. बाबा म्हणे, लेकराले काय विचाराचं? मी म्हटलं, बाबा, तुमी तिले अजून ओळखत नाही.

आज शिबिर संपलं. ती आता तुझ्याजवळ असन. नियमही संपला, म्हणून सारे पत्र एका पाकिटात टाकून राहिलो. वाचून तुले वाटलं तर तिले सांग, मी कोण आहो. नाही वाटलं तर नको सांगू. ती नाही म्हणाली तर मी येणार नाही, आणि तिच्यावर रुसणारही नाही. एवढंच सांग तिले, का निकेश दादाले तिचा अभिमान आहे, आणि तक्रार परत घेऊ नको म्हणावं.

तुझा,
निकेश


लाखांदूर, २६ मे

निकेश मामा,

सप्रेम नमस्कार. आई म्हणाली मायना नीट लिही, म्हणून लिहिला.

तुमचं जाड पाकीट आलं. आईनं फाडलं नाही. सगळे पत्र वाचले आणि मग भांडे घासले, ते आधीच घासलेले होते. मग मले जवळ बसवून सांगितलं. मी म्हणाली, म्हणजे मले मामा आहे? आई म्हणाली, आहे, येडा आहे पण आहे. मग ती खूप रडली. बाबा म्हणाले, रडू दे तिला, आपण चहा करू. आम्ही चहा केला.

मी तक्रार परत घेणार नाही. आई आणि बाबा पण नाही म्हणाले. दादाची तक्रार केली होती, मामाची नाही. मामानं अजून काही केलं नाही.

तुम्ही गेल्यावर दीपमालाताईनं सारस गट एकटीनं सांभाळला. इश्वरनं मले शेवटच्या दिवशी सॉरी म्हटलं. मी म्हणाली, ठीक आहे. मी टेंभराच्या बिया लावल्या आहेत, अजून काही निघालं नाही.

आजोबाबद्दल आई काही बोलली नाही. मग दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना म्हणाली, आजीला घेऊन या म्हणून लिही, आजोबा आले तर त्यांच्याशी मी बोलीन आणि दार लावून बोलीन. बाबा म्हणाले, त्या दिवशी मी ड्युटीवर जाईन. आई म्हणाली, जायचं नाही, घरीच थांबायचं.

तुम्ही रविवारी या. शेजारच्या मैत्रिणीले मी सांगितलं की मले मामा आहे. ती म्हणाली, आतापर्यंत कुठे होते? मी म्हणाली, आल्यावर विचारून घे.

मामानं भाचीच्या पाया पडायचं असते हे आईनं मले सांगितलं. तुम्ही आल्यावर आधी विचारा. मी हो म्हणीन.

तुमची भाची,
प्रतिक्षा टीना अश्वजित